मनगटापासून तीन बोटं

मी मास्तर होतो आणि शाळेत मापं शिकवत होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं कुणी ते शोधून काढून हसण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

निझामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. महाराष्ट्र नवा नवा होता, आणि आमच्या ईट गावच्या शाळेत शेर, मण, गज यांना रजा देऊन किलो आणि मीटर हजर झाले होते. चौथीच्या वर्गापुढं उभा राहून मी घसा ताणून सांगायचो, "वीत हे काही माप नव्हे. माझी वीत मोठी, तुझी बारकी. एकच फळी मी मोजली तर चार वीत, तू मोजलीस तर सहा. म्हणून माप असं पाहिजे की ज्याला माणूस बदलला तरी फरक पडत नाही." पोरं माना डोलवायची. त्यांच्या बरोबरीनं मीही डोलवायचो. हे एवढं शहाणपण त्या हिवाळ्यात मी शाळेच्या कपाटात ठेवून घरी यायचो, असं म्हणायला हरकत नाही.

घरात आम्ही तिघं. मी, माझी आई आणि ही. ही म्हणजे माझी बायको. तिला मी चारचौघांत कधी नावानं हाक मारली नाही आणि आता लिहिताना तरी कशाला मारू. दोन खणांचं माळवद, पुढं अंगण, आणि अंगणाच्या कोपऱ्यात दगडी मोरी. त्या दोन-तीन महिन्यांत हिचा त्या मोरीशी जेवढा सहवास झाला तेवढा माझ्याशी झाला नसेल.

दिवाळी झाली आणि हिला दिवस राहिले. आईनं मला काही सांगितलं नाही. नुसतं ताटात गूळ वाढला, आणि मी काय ते समजलो. पण त्या गुळाची चव जिभेवर असतानाच आम्हा तिघांनाही आदल्या वर्षाची आठवण झाली, आणि तिघांनीही ती एकमेकांना दाखवली नाही.

आदल्या वर्षीही असंच झालं होतं. तिसरा महिना लागला होता. हिच्या माहेरी, येडशीकडं, चुलत बहिणीचं लग्न निघालं. ही दोन येष्ट्या बदलून गेली, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. येष्टीमुळं झालं असं कुणी म्हणालं नाही. तिथल्या सुइणीनं उलट सांगितलं, व्हायचं ते व्हतंच, गाडीला कशाला बोल लावताव. पण हिनं मनाशी गाठ मारली ती मारलीच. यंदा दिवस गेल्यावर ही पहिलं वाक्य बोलली ते हे: "काय बी झालं तरी मी येष्टीत बसनार न्हाय." मी म्हणालो, "तुला कुणी बसवतंय?" त्या वेळी मला हे फार सोपं वाटलं होतं.

मग उलट्या सुरू झाल्या. होतात सगळ्यांना, आई म्हणाली, माझ्या वेळी मला बी झाल्या. पहाटे उठल्या उठल्या, तोंड धुवायच्या आधी, ही मोरीवर. मग चहाच्या वासानं. मग फोडणीच्या. आईनं चूल उचलून अंगणाच्या पार पलीकडं, निंबाच्या झाडाखाली मांडली. मग हिला माझ्या केसांच्या तेलाचा वास सोसेना, म्हणून मी तेल बंद केलं. माझे केस मुळात राठ, ते असे उभे राहायला लागले की हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मग साबण बंद झाला. शेवटी तिला खडूचा वास यायला लागला. खडूला वास असतो हे वीस वर्षं मास्तरकी करून मला आजही माहीत नाही. पण शाळेतून आल्यावर मी आडावर कोपरापर्यंत हात धुवून मगच घरात पाऊल टाकायचो.

आणि त्यात हुरड्याचे दिवस. सगळं गाव शेतात. जिकडं तिकडं आगट्या पेटलेल्या, वाऱ्यावर भाजलेल्या ज्वारीचा तो वास, ज्याच्यासाठी लोक पै-पाहुण्यांना निरोप धाडतात. आम्ही दारं-खिडक्या लावून घरात बसायचो आणि ही पदराचा बोळा नाकाशी धरून भिंतीकडं तोंड करून पडायची. अख्ख्या गावावर दार लावता येत नाही, हे मला त्या वर्षी कळलं.

आईनं तिला येत होतं ते सगळं केलं. आल्याचा रस, लिंबाची फोड, मोरावळा, साळीच्या लाह्या. सगळं दोन मिनिटं पोटात थांबायचं, जणू पाहुणा चप्पल न काढता उभ्या उभ्या भेटून निघाला. पुढं पुढं पाणीसुद्धा थांबेना. आईनं येडाईदेवीला नारळ बोलला. मी काय केलं? मी तांब्या घेऊन मोरीजवळ उभा राहायचो. ही वाकली की पाणी द्यायचं, हे माझं काम. कधी कधी तर ती हातानंच खुणावायची की तिकडं उभे राहा, तुमच्याकडं बघूनच मळमळतंय.

एका रविवारी मी येष्टीनं भूमला डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कुठंय?"

"घरी."

"मग मी कुणाला तपासू? तुम्हाला?"

मी त्यांना समजावून सांगितलं की तिला इथं आणायचं तर येष्टीत बसवावं लागतं, आणि येष्टीत ती बसत नाही. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "जीभ कोरडी पडायला लागली, लघवी कमी झाली, तर मात्र वाट बघू नका. सरळ बार्शीला न्या, सलाईन लावावं लागेल. नाहीतर पोटातलंही जाईल आणि तीही."

बार्शीला न्या. म्हणजे येष्टीनंच न्या. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तेवढाच विचार करत होतो की उलटी थांबली नाही तर येष्टी, आणि येष्टी म्हटलं की हिचा जीव आधीच अर्धा जाणार. घरी येऊन गोळी दिली. गोळी पाण्यासकट परत आली. मी हिला डॉक्टरचं वाक्य सांगितलं, पण शेवटचं तेवढं गाळून. तिनं ते माझ्या तोंडावरून वाचलं असणार, कारण तिनं काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात बांगडी पडली.

सकाळची वेळ होती. ही मोरीवर वाकून हात धूत होती आणि मी तांब्या घेऊन माझ्या जागेवर. तिनं हात झटकला आणि हिरवी बांगडी मनगटावरून, पंजावरून, बोटांवरून घसरत सरळ दगडावर गेली. फोडली नाही, अडकली नाही, काही नाही. हातातून बांगडी अशी आपण होऊन निघून जाताना मी कधी बघितली नव्हती. आई चुलीपासून उठून आली. तुकडे बघितले. बांगडी फुटली असं आमच्याकडं म्हणत नाहीत.

"वाढली व्हय?" आई म्हणाली.

"व्हय, आत्याबाई."

आईनं तुकडे पदरात गोळा केले. दिवस राहिलेल्या बाईच्या हातातून बांगडी गळणं म्हणजे काय, याचा अर्थ आईच्या मनात काय लागला असेल तो असेल. माझ्या मनात फक्त हिशेब आला की दिवाळीला बांगड्या भरणाऱ्या मणेरणीनं हीच बांगडी घालताना हिचा हात दाबून दाबून लाल केला होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मणेरीण दर बाजाराला भूमहून यायची. उंच, वयानं आईएवढी, पान खाऊन ओठ लाल, आणि आवाज असा की तिला बांगड्या म्हणून ओरडावं लागत नसे. ती नुसती कुणाशी बोलली तरी गावाला कळायचं. तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे हात तिनं धरलेले. आईनं तिला बोलावून घेतलं. सव्वादोनच्या मापाच्या घाल म्हणाली, अडीचच्या ढिल्या झाल्यात.

मणेरीण जोत्यावर बसली, हिचा हात मांडीवर घेतला, आणि बोलायची थांबली. तिला गप्प बसलेली मी तेवढीच एकदा बघितली. मग तिनं हिच्या पाचही बांगड्या एका बोटानं सरकवल्या. त्या कोपराला जाऊन टेकल्या.

"मी न्हाय घालनार नव्या," ती आईला म्हणाली. "सव्वादोनच्या घातल्या तर पुढच्या बाजारला दोनच्या घालाव्या लागतील. हात बारीक व्हतोय, मी त्याच्यामागं बांगडी बारीक करत जाऊ? पोरगी कुछ खाती की नै?"

आईनं सगळं सांगितलं. मी दाराच्या आत उभा राहून ऐकत होतो. तेवढ्यात हिला उमासा आला. मणेरणीनं तिचा हात सोडला नाही. उलट मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठा रोवला आणि तसाच ठेवला. ही डोळे मिटून होती. मोरीवर जायला उठली नाही. शंभर आकडे मोजावेत एवढा वेळ गेला आणि ही उठली नाही.

"माझ्या सासूनं शिकवलंय," मणेरीण म्हणाली. "बांगडी भरताना बायांना घेरी येते, मळमळतं. तवा इथं दाबायचं. आत कोन हय, मास्तर? इधर आव. लपतोस कशाला?"

मी बाहेर आलो. आईनं पदर नीट केला. मणेरीण मला म्हणाली, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधी, अंगठा असा. हरभरा भिजला का बघतो तसा दाबायचा, चिरडायचा न्हाय. सकाळी उठायच्या आधी, खायच्या आधी, उमासा आला की, दोन्ही हाताला. रोज.

"मी दाबतो," मी म्हणालो. बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की समोर आई बसलीय.

आता हे आजच्या लोकांना सांगून पटत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण आईसमोर मी हिचा हात धरलेला नव्हता. पाण्याचा तांब्यासुद्धा मी जमिनीवर ठेवायचो आणि ती उचलायची. आईनं दाबावं तर आईची बोटं संधिवातानं वाकलेली. म्हणजे काम माझंच होतं आणि ते करायची सोय नव्हती. मग असं ठरलं, म्हणजे कुणी ठरवलं नाही पण झालं, की पहाटे आई आडावर गेली की मी आत जायचो, घाईघाईनं अंगठा रोवायचो, आणि घागरीचा आवाज आला की सोडून द्यायचो.

पण मास्तर तो मास्तर. पहिल्याच दिवशी मला वाटलं की रोज रोज मोजण्यात वेळ जातो, आईचं आडावरचं येणं-जाणं काही सांगता येत नाही, तर एकदाच नीट मोजून खूण करून ठेवावी. मी दौत आणली, टाक आणला, हिच्या मनगटाच्या घडीवर माझी तीन बोटं आडवी ठेवली, आणि त्यांच्या वर, दोन शिरांच्या मधोमध, निळ्या शाईचा एक ठिपका दिला. दोन्ही हातांवर. ठिपका गोल आणि सुबक आला होता, याचं मला समाधान वाटलं. रोज तिथं दाबायचो. अंघोळीनं पुसट झाला की पुन्हा गिरवायचो.

काही फरक पडला नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी जास्त जोर लावला. ठिपक्याभोवती काळंनिळं झालं. त्यातलं शाईचं कुठलं आणि माझ्या अंगठ्याचं कुठलं ते मलाच कळेना. एकदा शेजारचे काका भिंतीवरून डोकावले आणि म्हणाले, "काय मास्तर, नाडी बघायलाव का? वैद्यकी कवापासून?" आणि दोन दिवसांत गावभर झालं की मास्तर शाळेत जायच्या आधी बायकोचा हात धरून बसतो. शाळेत एका मास्तरानं मला स्वतःची नाडी बघायला सांगितली. मी हसलो. दुसरं काय करणार. हिचं हसणं मात्र बंद झालं होतं. तिला आता बोलायलाही नको वाटायचं, तोंड उघडलं की उमासा यायचा. ओठ सुकून त्यावर सालं आली. आईनं एके संध्याकाळी माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं की हिला कालपास्नं लघवीला एकदाच झाली.

डॉक्टरचं वाक्य तिथं पूर्ण झालं.

"उद्या दुपारची बार्शीची येष्टी," मी आईला म्हणालो. आई म्हणाली, "तूच सांग तिला."

मी आत गेलो. वाटलं होतं ती रडेल, भांडेल, पाय रोवेल. मी उत्तरंही जमवून ठेवली होती. मी सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं नाही म्हटलं नाही. थोड्या वेळानं उठून बसली, भिंतीला धरून कोनाड्यापर्यंत गेली, आणि एक लुगडं घडी घालून पिशवीत ठेवलं. एवढंच. माझी सगळी उत्तरं तशीच राहिली. मला आजवर कुणी शिवी दिली असेल, मारलं असेल, पण त्या लुगड्याच्या घडीइतकं काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी पिशवी दाराशी ठेवलेली, आईनं बाटलीत पाणी भरलेलं, मी शाळेला सुट्टीचा अर्ज दिलेला. येष्टी बाराला यायची. साडेदहा-अकराच्या सुमारास मणेरीण अंगणात आली, डोक्यावरची पेटी उतरवली आणि म्हणाली, "कसं हय पोरीचं?" मग तिची नजर पिशवीवर गेली. आत जाऊन तिनं हिचा हात उजेडाकडं धरला.

"ये क्या हय?"

"खूण केलीय," मी म्हणालो. "तीन बोटं मोजून."

"किसके बोटां?"

मी माझा हात दाखवला. तिनं माझा पंजा धरला, हिच्या पंजाशेजारी ठेवला. माझी तीन बोटं म्हणजे हिची जवळजवळ साडेचार. ठिपका पार कोपराच्या वाटेला लागलेला.

"मास्तर," मणेरीण शांतपणे म्हणाली, "बच्चा तेरे पेट में हय क्या? उलटी कुणाला व्हतीय, तुला का हिला? ज्याचा हात त्याची बोटं. तू शाळेत काय शिकवतोस पोरांना?"

मी काय शिकवतो ते मी तिला सांगितलं नाही.

तिनं हिचीच तीन बोटं हिच्याच दुसऱ्या मनगटावर आडवी ठेवली, आणि त्यांच्या कडेला, माझ्या ठिपक्यापासून चांगलं दीड बोट खाली, अंगठा रोवला. आईला म्हणाली, लाह्यांचं पानी आना, बारका चमचा आना. आईनं आणलं. एक चमचा दिला. आम्ही वाट बघत बसलो. काही झालं नाही. मणेरणीनं हात बदलला. दुसरा चमचा. ही डोळे मिटून, घशाशी हात नेऊन थांबली. तो उमासा आला आणि तसाच खाली गेला.

बाहेर लांबून येष्टीचा आवाज आला. गाडी पारापाशी येऊन थांबायची आणि ड्रायव्हर दोनदा भोंगा द्यायचा. पहिला भोंगा झाला. मी पिशवीकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं. निघायचं तर आत्ता. न निघावं तर पुढची गाडी उद्या, आणि डॉक्टर म्हणाले होते वाट बघू नका. दोन चमचे पाण्यावर मी काय ठरवणार होतो? मी कुणाला विचारणार होतो? मी मणेरणीकडं बघितलं तर ती म्हणाली, "मेरेकू मत देख. मी बांगड्या भरती, मी डॉक्टर न्हाय."

दुसरा भोंगा झाला. हिनं डोळे न उघडता म्हटलं, "अजून एक चमचा द्या."

आईनं चमचा दिला. गाडी गेली. तिची धूळ आमच्या अंगणापर्यंत आली आणि आम्ही तसेच बसून होतो.

मग मणेरणीला बाजाराला जायचं होतं. तिनं हिचं मनगट उचललं आणि माझ्या पुढ्यात धरलं. "पकड. हिकडं. जोर नको." समोर आई. मी आईकडं बघितलं, आईनं सुपात डाळ घेतली आणि आमच्याकडं पाठ करून निवडायला बसली. ती डाळ आदल्या दिवशीच निवडून झाली होती. संध्याकाळपर्यंत आईनं तीच डाळ निवडली आणि मी मनगट धरून बसलो.

दुपारी केव्हातरी मी हिला म्हणालो, "आठ दिवस चुकीच्या जागी दाबत होतो मी."

"मला पयल्या दिवशीच वाटलं होतं," ही म्हणाली. "त्या चाचीनं दाबलं ती जागा निराळी होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी शाईनं ठिपका काढला होता," ती म्हणाली. "आन् तोंड उघडलं की उमासा यायचा. बोलू कवा?"

आठ दिवस ती चुकीच्या जागी दाबून घेत होती आणि मी जोर वाढवत होतो.

आता कुणाला वाटेल की त्या दिवसापासून उलट्या थांबल्या. तसं काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ही पुन्हा मोरीवर आणि मी पुन्हा तांब्या घेऊन. पण दिवसातून पाचदा व्हायचं ते तीनदा झालं. लाह्यांचं पाणी राहायला लागलं, मग लाह्या, मग ताकात कुस्करलेली चतकोर भाकरी. एखादा दिवस असा यायचा की दोन्ही मनगटं दाबून माझा अंगठा बधिर व्हायचा आणि काहीच टिकायचं नाही. मग रात्रभर मला वाटायचं की त्या दिवशी गाडीत बसवायला हवं होतं, आपण दोन चमच्यांवर दोन जीव लावले. पिशवी मी दाराशी तशीच ठेवली होती. ती हलवायचं धाडस पंधरा दिवस कुणाला झालं नाही. मग एके दिवशी हिनंच त्यातलं लुगडं काढून नेसलं.

मी पुन्हा भूमला गेलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं नशीब. पुन्हा असं करू नका. आणि चौथा महिना लागला की बहुतेकींचं आपोआप थांबतं." आई म्हणाली, येडाईनं ऐकलं. मणेरीण म्हणाली, सासूची कृपा. एवढे सगळे दावेदार झाल्यावर माझा नंबर कुठं लागणार? आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही. महिना लागला म्हणून थांबलं, का जागा सापडली म्हणून, का कुणीतरी हात धरून बसलंय एवढ्यानं? मनगट माझ्या हातात होतं, पण आत काय चाललंय ते मला कधीच कळलं नाही. नाडी लागायची, तेवढीच.

सातव्या महिन्यात मणेरीण हिरवा चुडा भरायला आली. बायका जमल्या होत्या, म्हणून मी बाहेर अंगणात. आतून तिचा आवाज येत होता. सव्वादोन ठेव बाजूला, अडीच बी जात न्हाय, ढील सोड हात, ढील सोड. मग हिचा आवाज, "चाची, हळू, दुखतंय." ते दुखतंय ऐकून मी अंगणात एकटाच हसलो. आत कुणी बोलावलंही नाही.

मुलगी झाली. बाळंतपणाला ही माहेरी गेली नाही; तिची आईच इकडं आली, आणि येताना दोन येष्ट्या बदलून आली. बारशाला मणेरीण काळ्या मण्यांच्या बारक्या मनगट्या घेऊन हजर. त्या भरायच्या आधी तिनं मला हाक मारली. "मास्तर, माप घे बघू."

सगळ्या बायका हसल्या. ही कधी नव्हे ती माझ्याकडं बघून हसली. मी पाळण्याशी गेलो, शाळेतून तसेच आणलेले खडूचे हात धोतराला पुसले, आणि माझी तीन बोटं पोरीच्या मनगटावर आडवी ठेवली. मनगट संपलं, हात संपला, कोपर संपलं. तिसरं बोट गादीवर टेकलं.